बांगड्यांची लॉरी

आमच्या खिडकीतून समोरचा लिंब दिसायचा, लिंबापलीकडे मशिदीची भिंत आणि वर आभाळाचा बरा मोठा तुकडा. एके दिवशी शाळा सुटल्यावर घरी आले, तर यातलं काहीच दिसेना. खिडकीला चिकटून हिरवट रंगाचं भलंमोठं धूड उभं होतं. मला आधी वाटलं, कुणी पत्र्याची खोलीच ठोकली. मग वाकून पाहिलं तर चाकं दिसली. आमच्या जेवणघरातल्या टेबलाहून उंच चाकं.

"पलटणीची लॉरी आहे," हे म्हणाले. "कँपातल्या लिलावात दस्तगीर मणियारानं घेतली."

मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि पोट धरून हसले. दस्तगीरचाचांचा धंदा बांगड्यांचा. त्यांचा रोजचा माल एका टोपलीत मावायचा. लांबच्या बाजाराला जायचं असलं तर दोन पत्र्याच्या ट्रंका, एक टांगा आणि एक म्हातारं घोडं, एवढ्यावर त्यांची हयात गेली होती. आता टांगा विकला, घोडं विकलं, घरामागची एक खोली विकली आणि हे आणलं. लढाईच्या दिवसांत नगरच्या लोकांना लष्करी गाड्यांची सवय झाली होती खरी, पण त्या कँपात. आमच्या गल्लीत, लिंबाखाली, माझ्या खिडकीपुढे नव्हे.

लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि हे नगरपालिकेत कारकून होते. झेंडीगेटाजवळच्या त्या गल्लीत आम्ही भाड्यानं राहायचो. चाचांचं घर समोर. किरकोळ अंगाचा माणूस, मेंदीनं रंगवलेली दाढी, अंगात पांढरा सदरा, आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढं वाकावं लागे. हात मात्र पाहत राहावे असे. माझा हात मोठ्या हाडाचा. सासरी आल्यापासून बांगड्या भरणं म्हणजे मला शिक्षा वाटायची. चाचा हात हातात घेत, "ढिला सोडा, मास्तरीणबाई, हात तुमचा न्हाईच असं समजा," म्हणत, आणि बोलता बोलता बांगडी मनगटावर आलेली असे.

त्यांना माणसं चेहऱ्यानं ओळखता येत नसत. एकदा कापडबाजारात मी "काय चाचा?" म्हटलं, तर ते माझ्याकडे असे बघत राहिले की मीच खजील झाले. मग त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली आणि चेहरा एकदम उजळला. "आरं, मास्तरीणबाई! बोला की." बायकांच्या तोंडाकडे बघायचं नाही, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. ती त्यांनी इतकी पाळली की तोंडं लक्षात राहायचीच बंद झाली.

आणखी एक खोड होती. बांगडी फुटली असं आपण कुणीच म्हणत नाही, वाढली म्हणतो. पण चाचांना 'फुटणं' हा शब्दच कुठल्याही वस्तूसाठी सोसत नसे. त्यांच्या घरी मडकं वाढायचं, आरशाची काच वाढायची, सायकलची ट्यूब वाढायची. एकदा पावसाळ्यात ते आमच्या दाराशी येऊन म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमचं एक कौल वाढलंय." मी म्हटलं, "चाचा, असंच वाढत राहिलं तर घर मोठं होईल की आमचं." ते हसले नाहीत. "जिभंवर आलं की खरं हुतंय," एवढंच म्हणाले.

भित्रा होता का हा माणूस? गल्लीचं मत तसंच होतं. ते दोन छत्र्या घेऊन बाहेर पडत. घराला दोन कुलपं लावत आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येऊन दोन्ही ओढून बघत. घरात नवरा-बायको दोघंच, पण भात चौघांचा शिजे. कुणी काही म्हटलं की उत्तर ठरलेलं: "लागलं तर?" अमीनाचाची, त्यांची बायको, कपाळाला हात लावून मला म्हणायची, "यांच्या 'लागलं तर'नं माझं घर भरलं गं बाई. आता अंगन बी भरलं."

लॉरी का घेतली, याचं उत्तर मात्र ते प्रत्येकाला वेगळं देत. शेजारच्या शिंप्याला सांगितलं, उन्हाळ्यात सावली पडते. आमच्या ह्यांना सांगितलं, पत्रा चांगला आहे, मोडीत विकली तरी नुकसान नाही. बायकांना सांगत, "तुमचे हात दांडगे झाले, बांगड्या मोठ्या घ्याव्या लागल्या, मग गाडी बी मोठी." गाडी हाकायला शिवराम होता. चिचोंडीचा गडी, लढाईत लष्कराच्या गाड्या चालवून आलेला. पहिल्यांदा बाजाराला निघाले तेव्हा त्या एवढ्या मोठ्या हौद्यात एका कोपऱ्यात दोन ट्रंका गोधड्यांत गुंडाळून बांधल्या होत्या आणि चाचा त्यांना धरून बसले होते. परत आल्यावर शिवराम ओट्यावर बसून सांगत होता, "म्या दारूगोळा न्हेला, बाई, जखमी मानसं न्हेली. पर येवढ्या दमानं गाडी कदी हाकली न्हाई. खड्डा आला की मागनं आवाज, शिवराम, वाढंल! शिवराम, वाढंल!"

पण हेही चारदोनदाच झालं. पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळे आणि ती लॉरी पेट्रोल घटाघटा प्यायची. मग चाचा काय करत? लॉरी दारात ठेवून टोपली डोक्यावर घेत आणि पायी बाजाराला जात. एवढ्या मोठ्या गाडीचा मालक घामाघूम होऊन धुळीतून चालत येतो, हे बघून गल्ली मनसोक्त हसली. मीही हसले. शाळेत जाताना रोज त्या चाकांना वळसा घालावा लागे, तेव्हा मनातल्या मनात त्यांना नावं ठेवत होते.

मग हसणं कमी झालं. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, फाळणी झाली होती, आणि रोज कुठून तरी काहीतरी ऐकू यायचं. कोण राहणार, कोण जाणार, हाच विषय. मणियारानं लॉरी घेतली आहे आणि तो पेट्रोल साठवतो आहे, याचा अर्थ ज्यानं त्यानं आपापला लावला. एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वकीलसाहेबांनी ओट्यावरून सरळच विचारलं, "दस्तगीर, खरं सांग. निघायचा विचार आहे का?"

"कुठं, साहेब?"

"तिकडं. पाकिस्तानात."

ओट्यावर चारपाच जण बसले होते, सगळ्यांनी माना वळवल्या. चाचा टोपली डोक्यावर तशीच धरून उभे होते. म्हणाले, "तिकडं माझ्याकडनं बांगड्या कोन भरनार, साहेब? मला मापं इथल्याच हातांची पाठ." वकीलसाहेब हसले, बाकीचेही हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लॉरीची पुढची दोन्ही चाकं जमिनीला टेकली होती. कुणीतरी हवा सोडली होती. चाचांनी कुणाला विचारलं नाही की आरडाओरडा केला नाही. शिवरामला बोलावून आणलं आणि दोघं हवा भरत बसले. त्या दिवसापासून रोज शाळेतून आले की मी आधी त्या चाकांकडे बघायची. हवा आहे ना, हे बघितल्याशिवाय मला घरात शिरवत नसे.

खरं कारण मला संक्रांतीला कळलं. चाचा आमच्या पडवीत बसून माझ्या हातात बांगड्या भरत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "चाचा, लोक काय काय बोलतात. एकदा काय ते सांगून टाका ना."

त्यांनी आणखी एक बांगडी चढवली. हात चालू होते. मग माझ्या मनगटाशीच बोलावं तसं बोलायला लागले. त्यांची एकुलती एक मुलगी, जैनब, मोगलाईत दिली होती. निजामाच्या मुलखाला आमच्याकडे मोगलाईच म्हणत. नगरहून जामखेडचा रस्ता धरला आणि चिचोंडी सोडली की थोड्या अंतरावर नाका लागायचा, तिथून पुढं मोगलाई. चाचा वर्षानुवर्षं तिथल्या बाजारांना जात. तिकडचं एक बरं घर बघून त्यांनी लेक दिली. तेव्हा नाका म्हणजे जकात भरायची जागा, एवढंच होतं.

"गेल्या उन्हाळ्यात आवई उठली," ते म्हणाले, "की तिकडं काय खरं न्हाई आता. म्या टांगा जुपला आन् गेलो. जैनूला म्हनलं, चल. ती म्हनली, कोन कोन? म्या म्हनलं, टांग्यात चौघं बसत्यात, तू आन् पोरं. तर म्हनली, अब्बा, पोरं पाच हायती."

त्यांनी पुढची बांगडी उचलली.

"घरात सासू हाय, आंधळी. दीर हायती, जावा हायती, त्यांची लेकरं. समदी दारात येऊन हुबी राहिली हुती. कुनी काय मागितलं न्हाई, बाई. नुसती बघत हुती. जैनू म्हनली, चौघं कोन ते तुमीच सांगा, मी हाक मारते त्यांना. म्या एक एक तोंड बघायला लागलो. मला तोंडं कळत न्हाईत, ठावं हाय तुमाला. पर त्या दिवशी समदी कळली. चा पिलो आन् रिकामा टांगा घिऊन माघारी आलो."

आणि माझ्या मनगटावर त्यांच्या हातातली बांगडी कट्कन तुटली. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. "वाढली," ते पुटपुटले, आणि माझ्या हातावर आलेला रक्ताचा ठिपका सदऱ्याच्या टोकानं टिपला.

त्यानंतर मी त्या लॉरीला कधी हसले नाही. उलट तिचं ओझं माझ्याही डोक्यावर आलं. पेट्रोलचं कुपन मिळालं का, हे मी चाचीला विचारू लागले. ह्यांना नवल वाटायचं. पण एकदा कारण कळल्यावर ती रिकामी लॉरी खिडकीपुढे उभी असलेली बघणं सोपं नव्हतं. मोगलाईतून माणसं आमच्याकडे पळून येत होती. रझाकारांच्या भीतीनं घरदार सोडून आलेली हिंदू कुटुंबं नगरात जागोजाग उतरली होती. चाचा त्यांच्याकडे जाऊन बसत. विचारत काय? "गाडीत किती जण बसला? म्हातारी मानसं कुठं बसवली? लेकरं मांडीवर घेतली का खाली?"

चाचांनी दोनदा निरोप धाडला होता, पण जैनबच्या घरचे निघत नव्हते. पिकं उभी आहेत, जनावरं आहेत, गावकरी चांगले आहेत, काही होणार नाही, असं उत्तर यायचं.

त्या उन्हाळ्यात चाचांनी एक गंमत केली. निदान गल्लीला ती गंमत वाटली. त्यांनी सगळ्यांना लॉरीतून चांदबिबीच्या महालावर फिरायला न्यायचं आमंत्रण दिलं. महाल म्हणजे गावाबाहेरच्या डोंगरावरची ती जुनी कबर, सहलीची आवडती जागा. फुकटची सहल आणि वर मोटारीतून, मग काय! बायका दशम्या बांधून आल्या. वकीलसाहेबांची म्हातारी आई, जिला सगळे माई म्हणत, तीसुद्धा आली. चाचा हौद्यात उभे राहून एकेकाला बसवत होते. "माई, तुमी अशा म्होरं, पाटीला टेकून. डोळं मिटून बसा बरं." माई म्हणाल्या, "मेल्या, डोळे कशाला मिटू? मला डोंगर बघायचाय." चाचा अगदी काकुळतीला आले. "मिटा की, माई, थोडा येळ. न दिसनाऱ्या मानसाला कुठं धरायला येतंय ते बघतो." माईंनी मिटले. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग पोरं, मग लेकुरवाळ्या, मग बाप्ये कडेनं. "सरका जरा. आनखी सरका. गुडघं वर घ्या." शेवटी मागचा फाळका लावला आणि ते मागं जाऊन बघत राहिले. मागच्या बाजूला बरीच जागा मोकळी होती.

"उरली," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "जागा उरली, मास्तरीणबाई!" मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा मोकळं हसताना पाहिलं. डोंगराच्या वाटेला सगळ्याजणी गाणी म्हणत होत्या. आपल्यावर अशी वेळ आली तर माझी माणसं कुठं कुठं बसवीन, हा हिशेब माझ्याही डोक्यात सुरू झाला होता आणि तो थांबवता येत नव्हता.

पावसाळ्याच्या शेवटी आपलं सैन्य मोगलाईत शिरलं. चार दिवसांत तिथलं राज्य गेलं. नगरात पेढे वाटले. पळून आलेली कुटुंबं आनंदानं परत निघाली, त्यांच्या बैलगाड्या आमच्या गल्लीसमोरून गेल्या. चाचांनीही पेढा खाल्ला. मग हळूहळू दुसऱ्या बातम्या यायला लागल्या. आता तिकडे दुसरीच माणसं पळत होती. कुठल्या गावात काय झालं, हे लोक आवाज खाली आणून सांगत आणि मणियार समोर आला की गप्प होत. चाचांना विचारायची गरजच पडत नसे. लोक गप्प झाले की त्यांना कळायचं.

एका सकाळी लॉरीचं हँडल मारल्याचा आवाज आला. मी धावत बाहेर गेले. हौद्यात बांगड्यांच्या ट्रंका चढवल्या होत्या. कुणी अडवलं तर बाजाराला निघालोय म्हणून सांगायचं, असं ठरलं होतं. शिवराम म्हणत होता, "चाचा, तुमी येऊ नका. म्या एकटा जातो. माझं नाव शिवराम हाय, मला कोन काय करंल?" चाचा वर चढून बसलेसुद्धा. "कोन कुठं बसवायचं ते तुला ठावं न्हाई," ते म्हणाले. चाची उंबऱ्यात उभी होती. लॉरी वळणावरून गेली आणि आमच्या खिडकीतून पुन्हा लिंब दिसायला लागला, मशिदीची भिंत दिसायला लागली. तो उजेड मला बघवेना.

त्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलेच नाही, चाचीजवळ बसून राहिले. दुपारी चिचोंडीकडून येणारा दूधवाला सायकल भिंतीला लावून दारात आला.

"मनियाराचं घर हेच का? चाचांचा निरोप हाय. रस्त्यात भेटले व्हते. म्हनले, घरी सांग, समद्या बांगड्या वाढल्या. आन् पानी तापवून ठिवा म्हनले."

"आणि? जैनब भेटली का? माणसं?" मी विचारलं.

"मला येवढंच सांगितलं, बाई. गाडी लांब झाडाखाली बंद पडली व्हती, ताडपत्रीनं झाकलेली. मला दुसऱ्या गावाला रतीब घालायचा व्हता, म्या निघालो." आणि तो गेला.

चाचीनं माझ्याकडे बघितलं. बांगड्या वाढल्या. दुसऱ्या कुणाच्या तोंडून आलं असतं तर माल फुटला, एवढाच अर्थ. पण घरचा कर्ता पुरुष गेला की बाईच्या हातच्या बांगड्या वाढवतात, तेही याच शब्दात सांगतात, आमच्यात काय आणि त्यांच्यात काय. समद्या बांगड्या. त्या घरात जैनब होती, जावा होत्या. आणि पाणी तापवून ठेवा. घरात मयत आली की पाणी तापवतात. वाईट शब्द कधी जिभेवर न आणणाऱ्या माणसाचा निरोप होता तो. याहून वाईट बातमी असती तरी त्यांनी ती याच शब्दांत धाडली असती.

मी म्हटलं, "चाची, ट्रंकांतल्या फुटल्या असतील." फुटल्या हा शब्द मी मुद्दाम वापरला.

"व्हय," ती म्हणाली. उठली, चूल पेटवली आणि सगळ्यात मोठा हंडा वर चढवला. एक हंडा तापला की उतरवून दुसरा चढवायची. मी काटक्या पुढे सारत होते. तिच्या हातातल्या बांगड्या हंड्याला लागून वाजत होत्या आणि प्रत्येक वेळी ती हात मागे घेत होती. रडली नाही. मला मात्र चुलीच्या धुराचं निमित्त झालं.

दिवस कलायला लागला तेव्हा लॉरीचा आवाज आला. गल्लीतले सगळे बाहेर आले. ताडपत्री उघडली आणि आम्ही बघतच राहिलो. आत माणसावर माणूस होता. बाहेर टपावर आणि फाळक्याला लोंबकळलेली आणखी माणसं. सोबत चार शेळ्या. चाची गर्दीत शिरली आणि खाली उतरणाऱ्या एका बाईचा चेहरा न बघता तिनं आधी तिचं मनगट धरलं. हातभर हिरव्या बांगड्या होत्या. मग चाचीनं दुसरीचं मनगट धरलं, मग तिसरीचं. तिघींच्याही हातात बांगड्या होत्या. जैनब म्हणाली, "अम्मी, हे बघ, मी. सगळे हायत. तुझा जावई तो काय वर." आणि तेव्हा कुठे चाचीला रडू फुटलं.

वाटेत जो हात करील त्याला चाचा घेत आले होते. ट्रंकांवर इतकी माणसं चढली की झाकणं दबली आणि आतला माल चुरा होऊन हौदाभर पसरला. पोरांच्या, बायकांच्या तळपायांत काचा रुतल्या होत्या. त्यासाठी कढत पाणी. वकीलसाहेबांच्या माई स्वतः येऊन पोरांचे पाय मांडीवर घेऊन काचा काढत बसल्या. कुणी दूध आणलं, कुणी भाकरी आणल्या. ज्यांनी चाकातली हवा सोडली असेल, तेही त्यात असतील. वकीलसाहेब मोठ्यानं म्हणाले, "दस्तगीर, आम्ही हसलो रे तुला. तुझी लॉरी म्हणजे देवानंच पाठवली म्हणायची!"

चाचा तिथं नव्हते. मी शोधत लॉरीच्या पलीकडे गेले, तर मागच्या चाकाला टेकून जमिनीवर बसले होते. मी म्हटलं, "चाचा, आत चला. सगळे आले ना सुखरूप?"

"लहान पडली, मास्तरीणबाई."

"काय?"

"गाडी. लहान पडली." त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता. मी शेजारी वाकले. "नाक्याच्या पल्याड, फाट्याला, एका बाईनं हात केला. मानसं फाळक्याला लोंबत हुती. शिवराम गाडी थांबवत हुता. म्याच वरडलो, हाक. न्हाई थांबलो."

"अहो, जागाच नव्हती. दुसऱ्या कुणीतरी घेतलं असेल तिला."

"तोंड न्हाई बघितलं. हात बघितला. हिरव्या बांगड्या, मधी एक पिवळी. तसा चुडा त्या बाजारात म्याच भरतो, बाई. दुसरं कोन भरत न्हाई. टांगा घिऊन गेल्तो तवा कुनालाच न्हाई म्हनावं लागलं न्हाई. येवढी मोठी गाडी घेतली आन् न्हाई म्हनलो."

मी त्यांच्याजवळ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच लॉरी गेली. त्या फाट्यावर. दुपारी रिकामी परत आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पुन्हा रिकामी आली. फाट्याजवळच्या वस्त्यांवर चाचांनी विचारलं, पण कोण बाई, कुठली बाई, हे त्यांना सांगता येत नव्हतं. हात कसा होता, एवढंच ते सांगत. पेट्रोल संपलं तेव्हा जाणं थांबलं. जैनबची माणसं चाचांच्या घरात दाटीवाटीनं राहिली, थोड्या दिवसांनी दीर आपल्या शेतावर परतले आणि जैनब नगरातच राहिली. घर भरलं होतं. चाचा त्यात असून नसल्यासारखे होते.

माघात ह्यांना बेलापूरला चांगली नोकरी लागली आणि आम्ही नगर सोडायचं ठरवलं. सामान न्यायला चाचांनी लॉरी देऊ केली. नको म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. पण सामान चढवताना ह्यांची आणि त्यांची चांगलीच जुंपली. कपाट आडवं ठेवा, पेट्या पसरून लावा, असं ह्यांचं म्हणणं. चाचा ऐकेनात. कपाट उभं, त्याच्यावर पलंग, पलंगावर पेट्या, असा सगळा संसार पुढच्या निम्म्या हौद्यात टपापर्यंत रचला आणि दोरांनी करकचून बांधला. मागची निम्मी लॉरी मोकळी. "अहो, पडेल ते सगळं!" हे म्हणाले. चाचांनी फक्त दोर आणखी एकदा ओढून बघितला.

निघालो. शिवराम हाकत होता, शेजारी हे. चाचा आणि मी मागं सामानाला टेकून बसलो होतो, कारण मला पेट्यांची काळजी होती. राहुरी येईपर्यंत आम्ही कितीदा थांबलो ते मला सांगता येणार नाही. बाजाराला निघालेला म्हातारा, माहेरी चाललेली बाई, डोक्यावर वैरण घेतलेले दोघे भाऊ. कुणी हात केला की चाचा पुढच्या पत्र्यावर थापटत आणि शिवराम मुकाट्यानं ब्रेक दाबे. काहींना यायचंच नसायचं, त्यांनी नुसता रामराम केलेला असायचा. चाचा त्यांनाही दोनदा विचारत. हे पुढून वैतागून ओरडत होते. मी त्यांना गप्प बसा म्हणून सांगितलं, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच चारचौघांत.

राहुरीच्या पुढं दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यात आली होती. रस्त्यापासून थोडं आत एका शेतात उंच लाकडी माळ्यावर एक बाई उभी होती. तिनं हात वर केला. चाचांनी पत्र्यावर थाप मारली. लॉरी थांबायच्या आत ते फाळक्यावरून खाली उतरले होते. बांध ओलांडून, ज्वारीची ताटं बाजूला सारत ते माळ्याखाली जाऊन उभे राहिले. वाऱ्यावर त्यांचं बोलणं आमच्यापर्यंत येत होतं.

"बाई, यायचं का?"

"कुटं?"

"कुटं बी. न्हेतो."

बाई वरून खदखदून हसली. हातातली गोफण तिनं त्यांना दाखवली. "अवो बाबा, पाखरं हाकतीया मी!"

लॉरीतले सगळे हसले. चाचा हसले नाहीत आणि हललेही नाहीत. मान वर करून, तिच्या चेहऱ्याकडे नीट बघत ते तसेच उभे राहिले.

"बघा बरं," ते म्हणाले. "जागा हाय."